हदगावच्या अँबेसेडरची पट्टी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी घरच्या मिक्सरचं पोट उघडून बसलो होतो. "गाड्यांच्या वायरिंगमध्ये उभा जन्म घातला तुम्ही. गमतीजमती असतील, लिहा की आमच्या अंकाला," असं ते म्हणाले. मी म्हणालो, साहेब, मी नववी नापास माणूस, माझ्या हातात टेस्टर शोभतो, पेन नाही. ते म्हणाले, बोलता तसंच लिहा. आता बोलायचं म्हटलं तर मला थांबवावं लागतं, हे आमच्या घरात कुणालाही विचारा. म्हणून कागद घेतला आणि माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट लिहायला बसलो. हदगावच्या लग्नातल्या अँबेसेडरची. ही गोष्ट मी नांदेडात, लातुरात, सोयऱ्याधायऱ्यांत, बारशात, साखरपुड्यात किती वेळा सांगितली असेल याला सुमार नाही. लोक पोट धरून हसतात आणि शेवटी म्हणतात, "मानलं बुवा दत्ता मिस्तरीला!"

तीन पानं झाली आणि हात अडला. मी जिथं ती गोष्ट संपवतो तिथं ती संपत नाही. पुढचं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी बायकोलाही नाही. ती तीन पानं फाडली. हे दुसरं लिहिणं आहे. यात हसण्यासारखं थोडंच आहे, तेवढं आधी उरकून घेतो.

आमचं काम काय ते सांगतो. मेकॅनिक म्हणजे इंजिनवाला, गिअरवाला. आम्ही ऑटो इलेक्ट्रिशियन, लोकांच्या तोंडी 'बॅटरीवाले'. दिवा, हॉर्न, सेल्फ, बॅटरी, डॅशबोर्डावरचे काटे हे आमचं खातं. मेकॅनिकला त्याचा रोग डोळ्यांनी दिसतो, हाताला लागतो. करंट काही दिसत नाही. तो कुठून निघाला, कुठं अडला, कुठं भलतीकडंच घुसला, याचा नुसता माग काढत बसायचं.

सगळ्यात अवघड काम इंजिन बदललेल्या जुन्या गाडीचं. आमच्याकडं अशा गाड्या लई. पेट्रोल परवडेना म्हणून जीपला, अँबेसेडरला दुसऱ्या कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचं डिझेल इंजिन बसवायचं. मेकॅनिक वेल्डिंग मारून इंजिन बसवतो आणि हात झटकतो. मग गाडी आमच्या दारात. वायरी एका घरच्या, इंजिन दुसऱ्या घरचं. वायरी आठ आणि जोडायला जागा पाच. रंग जुळत नाहीत, काट्यांचं माप जुळत नाही. जुन्या इंजिनाला जी वायर लागायची ती आता बेकार, पण करंट तिच्यात येतोच, आणि नीट बंद केली नाही तर कुठंतरी घासून धूर काढते.

त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अर्थिंग. बॅटरीतून करंट वायरीनं जातो, पण परत येतो तो गाडीच्या पत्र्यातून. इंजिन मात्र रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं, पत्र्याला भिडलेलं नसतं. म्हणून इंजिन आणि पत्रा यांना जोडायला तांब्याच्या तारांची विणलेली एक जाड पट्टी लागते, वीतभर लांबीची. ती खाली, गिअरबॉक्सजवळ बोल्टानं आवळलेली असते. गाडीखाली आडवं झाल्याशिवाय दिसत नाही. ही पट्टी नसली तरी गाडी चालू होते, हीच खरी गोम आहे. करंट परत यायला दुसरी वाट धरतो, रेसच्या केबलमधून नाहीतर इंजिन बंद करायच्या स्टॉप केबलमधून. त्या बिचाऱ्या केबली एवढ्या ओझ्याच्या नसतात. त्या तापतात, जळतात, आणि काटे भलतंच दाखवायला लागतात.

किनवटची एक जीप अशीच आली होती. ब्रेक दाबला की वायपर हलायचा. ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "मिस्तरी, हिला लिंबू उतरून झालं, कोंबडं झालं, आता तुमीच बघा." मी अर्थिंगचा एक ढिला बोल्ट आवळला, वायपर गप झाला. त्यानं त्या बोल्टालाच हळदकुंकू वाहिलं. उदगीरचे एक धान्याचे व्यापारी होते, त्यांची गाडी गोदामात उभी असायची आणि दर दोन महिन्यांनी उंदीर वायरी खायचे. शेटजी म्हणाले, "वायरींना तिखटाचं पाणी लाव." मी म्हणालो, लावतो. पुढच्या खेपेला उघडून बघतो तर नेमक्या तिखट लावलेल्या वायरी आधी संपल्या होत्या. झालं, हसायचं एवढंच.

आता आमच्या धंद्यातले दोन रिवाज सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

पहिला रिवाज असा. गाडीचं बॉनेट उघडलं की आमचं पहिलं वाक्य ठरलेलं, "अरारारा! हे कुण्या गाढवानं केलंय?" काम चांगलं असो, वाईट असो, आधीच्या मिस्तरीला नावं ठेवल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही. गिऱ्हाइकालाही ते बरं वाटतं, आता खरा माणूस सापडला असं त्याला वाटतं. माझ्या कामाला दुसरे असंच म्हणत असणार, त्याचं कुणी मनाला लावून घेत नाही. दुसरा रिवाज उसनवारीचा. कुणाची गाडी आपल्याकडं दोन दिवस उभी आहे आणि रस्त्यातलं एखादं गिऱ्हाईक अडलेलं आहे, तर उभ्या गाडीचा पार्ट काढून त्याला लावून द्यायचा. नंतर बाजारातून नवा आणून उभ्या गाडीला बसवायचा. मालकाला पत्ता लागत नाही. सगळे करतात, मीही करायचो. या दोन रिवाजांनी मिळून एका माणसाचा घात केला, आणि ते दोन्ही रिवाज त्या वेळी माझ्या हातून झाले.

त्या माणसाचं नाव नागनाथभाऊ. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. लातूरला गोलाई बाजाराच्या मागं आमच्या उस्तादांचं दुकान होतं, तिथं मी काम शिकलो. उस्ताद शिव्या द्यायचे, शिकवायचे ते नागनाथभाऊ. वायर सोलायची कशी, जोड बांधायचा कसा, सगळं त्यांनी माझा हात धरून दाखवलं. अर्थिंगचा बोल्ट लावायचा तर त्यांची एक पद्धत होती. आधी पत्र्यावरचा रंग घासून चकचकीत करायचा, मग खाली दातेरी वायसर, मग पट्टी, मग बोल्ट, आणि वरून बोटभर ग्रीस, म्हणजे गंज चढत नाही. मग पट्टी तीनदा ओढून बघायची. दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणं तर त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आम्ही "गाढवानं केलंय" म्हणालो की ते म्हणायचे, "असू दे रे, त्यालाबी घाई असंल." पुढं ते आपल्या गावी हदगावला गेले, बसस्टँडजवळ दुकान टाकलं. मी नांदेडला आलो.

लग्नाच्या या गोष्टीला आता दहाएक वर्षं झाली असतील. हदगावकडचे एक मोठे शेतकरी, माधवराव, त्यांची जुनी अँबेसेडर घेऊन माझ्याकडं आले. माणूस दिलदार पण तापट. वडिलांची गाडी म्हणून विकवत नव्हती, तेव्हा हदगावातच डिझेल इंजिन बसवून घेतलेलं. आता लेकीचं लग्न ठरलं होतं आणि त्यांना गाडीला नवा टेप आणि दणकेबाज हॉर्न पाहिजे होता. मी बॉनेट उघडलं आणि त्या दिवशी माझ्या तोंडून शिवी आली नाही. प्रत्येक वायर दोऱ्यानं बांधलेली, बेकार वायरींची टोकं वळवून टेप मारून बंद केलेली. "नागनाथभाऊंचं काम ना हे?" मी विचारलं. "हाव, तेंचंच," माधवराव म्हणाले, "पण टेप-बिप तेंच्याकडं न्हाई. म्हून तुमच्याकडं आलो." गाडी ठेवून ते लग्नाच्या कपड्यांना गेले. परवा येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर एक काळीपिवळी जीप बंद पडली. आत पंधरा माणसं, वरून ऊन, एक म्हातारी डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेली. जीपची अर्थिंगची पट्टी तुटून खाली लोंबत होती, करंटच्या ओझ्यानं केबलीही जळाल्या होत्या, म्हणून सेल्फ उचलत नव्हता. माझ्याकडं पट्टी शिल्लक नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्तरी, काहीबी करा." मी अँबेसेडरखाली शिरलो, नागनाथभाऊंची पट्टी सोडवली, बोल्ट हरवू नये म्हणून नुसता हातानं परत फिरवून ठेवला, आणि पट्टी जीपला लावून दिली. म्हातारीनं आशीर्वाद दिला. मी स्वतःवर खूश झालो. संध्याकाळी नवी पट्टी आणायची असं ठरवलं होतं.

त्या दिवशी बाजार बंद होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माधवराव बायका-पोरांसकट दारात हजर, ठरल्यापेक्षा चार तास आधी. "चला, चला, मुहूर्ताचं सामान घ्यायचंय," म्हणत स्वतःच स्टेअरिंगवर बसले. सेल्फ मारला, गाडी चालू झाली, हॉर्न वाजला, पोरं खिदळली. गाडी चालू झाली आणि माझ्या डोक्यातून पट्टी गेली ती गेलीच. खोटं बोलायचं नाही म्हणून सांगतो, त्या क्षणी मुद्दाम लपवलं असं नाही. विसरलो. तेवढी एक गोष्ट माफ होण्यासारखी आहे.

पुढं गाडीला रोग लागला. सेल्फ मारला की स्टॉप केबलचा दांडा हाताला चटका द्यायचा. दिवे लावले की टेंपरेचरचा काटा वर चढायचा, विझवले की खाली यायचा. बॅटरी नीट चार्ज होईना. माधवरावांनी साहजिकच गाडी नागनाथभाऊंकडं नेली. त्यांनी स्टॉप केबल बदलली, ती पुन्हा जळली. अल्टरनेटर उघडला, काटा बदलला, चार दिवस गाडी ठेवून घेतली. सगळं तपासलं, फक्त पट्टी तपासली नाही. कारण पट्टी त्यांनी स्वतःच्या हातानं लावली होती, तीनदा ओढून बघितली होती. आपल्या हातानं केलेली गोष्ट कोण तपासतो?

आणि लग्नाच्या दिवशी त्याच गाडीतून नवरीची पाठवणी. फुलांनी सजवलेली गाडी वेशीपर्यंत गेली, तिथं बंद पडली. सेल्फ मारून मारून डॅशबोर्डाखालून धूर निघाला. नवरी शालूचा पदर सावरत भर रस्त्यात उतरली, वऱ्हाड ओरडलं, व्याही रुसले. कुणाला इजा झाली नाही ही देवाची कृपा. नवरीला शेवटी कुणाच्यातरी जीपमध्ये बसवून दिलं.

तिसऱ्या दिवशी माधवरावांनी गाडी ओढत माझ्या दारात आणली. सोबत मेहुणे, व्याह्यांकडचे दोघं, आणि बघ्यांना आमच्याकडं कधी तोटा नसतोच. माधवराव नुसते धगधगत होते. मी ऐटीत समोर आलो. स्टॉपचा दांडा तापतो, दिवे लावले की काटा चढतो, हे ऐकल्याबरोबर मला कळलं. मी एक जाड वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनाला दाबून धरलं आणि मेहुण्यांना म्हणालो, "मारा सेल्फ." गाडी एका झटक्यात चालू. दिवे लावा म्हणालो. काटा जागचा हलला नाही. वायर काढली, काटा चढला. लावली, उतरला. जादूगारासारखं तीनदा करून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय व्हतं, मिस्तरी?" माधवरावांनी विचारलं.

आणि मी सवयीनं, चार लोकांसमोर, छाती फुगवून म्हणालो, "अर्थिंगची पट्टीच लावली नाही हो! ज्यानं हे केलंय ना, त्याला वायरिंगमधलं अबकड येत नाही. घरी बसवा त्याला."

लग्नाच्या अँबेसेडरची माझी गोष्ट इथं संपायची. याच वाक्यावर लोक हसायचे.

खरं पुढं आहे. मी नवी पट्टी घेऊन गाडीखाली शिरलो. बोल्टाला हात लावला तर तो बोटानंच फिरला. खाली दातेरी वायसर, भोवती रुपयाएवढा पत्रा घासून चकचकीत केलेला, त्यावर ग्रीस. ग्रीसमध्ये पट्टीच्या विणीचा ठसा जसाच्या तसा होता. मग मला काळीपिवळी आठवली, म्हातारी आठवली, सगळं आठवलं. मी तसाच उताणा पडून राहिलो. कडेला माधवरावांच्या वहाणा दिसत होत्या. वरून त्यांचा आवाज येत होता, "नागनाथाला दावतो आता. माझ्या लेकीला रस्त्यात उतरवली त्यानं."

तेव्हा बाहेर येऊन बोलायचं होतं. एकच वाक्य होतं. "थांबा माधवराव, पट्टी मीच काढली होती." फार तर चार शिव्या खाल्ल्या असत्या. दोन थपडा खाल्ल्या असत्या. पण आत्ताच टाळ्या वाजल्या होत्या ना.

"काय झालं मिस्तरी? लई वेळ लावला?"

"काही न्हाई, बोल्ट जाम हाय," मी खालून म्हणालो, आणि बोटानं फिरणारा तो बोल्ट पान्यानं उगीच ठोकत राहिलो. मला आजही त्या ठोकण्याची शरम वाटते.

माधवरावांनी बोलल्याप्रमाणं केलं. हदगावच्या बाजारच्या दिवशी, बसस्टँडवरच्या हॉटेलासमोर, सगळ्यांच्या देखत त्यांनी नागनाथभाऊंना वाट्टेल ते बोलून घेतलं. वर "नांदेडच्या दत्ता मिस्तरीनं दहा मिनिटात काढलं" हेही सांगितलं. तेव्हापासून लोकांनी त्यांना 'पट्टी' म्हणायला सुरुवात केली. ट्रॅक्टरवाले दुकानात यायचे आणि दात काढत विचारायचे, "भाऊ, समदं लावलंय ना? पट्टी-बिट्टी?" गंमत म्हणूनच विचारायचे. पण हळूहळू यायचेच कमी झाले.

पंधरा दिवसांनी नागनाथभाऊ माझ्या दुकानात आले. एसटीनं आलेले, अंगावर धुतलेला सदरा. भांडायला आले असतील म्हणून मी आधीच आवाज चढवायच्या तयारीत होतो. पण ते स्टुलावर बसले, पाणी प्याले आणि अगदी हळू म्हणाले, "दत्ता, मी भांडाया न्हाई आलो. एकच इचारतो. पंधरा दिस झाले तेच आठवून राहिलो. मला वाटतंय मी पट्टी लावली व्हती. रंग घासल्याला आठवतंय, ग्रीस लावल्यालं आठवतंय. पण दुसऱ्या गाडीचं असंल तेबी, सांगता येत न्हाई. तू खाली गेला व्हतास. बोल्ट कसा व्हता?"

त्यांनी मला वाट करून दिली होती. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. माझा गुरू समोर बसून मला फक्त खरं काय ते विचारत होता. मी हातातल्या पक्कडीकडं बघत म्हणालो,

"गंज होता, भाऊ."

गंज म्हणजे तिथं कधी पट्टी लागलीच नव्हती. आमच्या धंद्यात याचा दुसरा मतलब होत नाही. त्यांनी पाण्याचा पेला बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मग मीच इसरलो. वय झालं." उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. मी चहासुद्धा पाजला नाही.

वर्षभरात त्यांनी दुकान बंद केलं. एका कापसाच्या जिनिंगमध्ये रखवालीला राहिले असं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. मी ती गोष्ट रंगवून सांगत राहिलो, आणि खोटं वाटेल, पण सांगता सांगता मलाच ती खरी वाटायला लागली होती. दहा वर्षांत मी हदगावला गेलो नाही. हदगावावरून पुढं जायचं असलं तरी बसमध्ये झोपल्याचं सोंग करायचो. हे लिहायला बसलो आणि "घरी बसवा त्याला" हे वाक्य माझ्याच अक्षरात कागदावर दिसलं, तेव्हा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली.

नागनाथभाऊ घरीच होते. खूप वाळलेत. मला बघून लहान मुलासारखे खूश झाले. "अगं, कोण आलंय बघ! दत्ता आलाय!" वहिनी ओट्यावर सोयाबीन निवडत बसल्या होत्या, त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेल्या. बोलता बोलता भाऊ तीनदा उठले. एकदा पाण्याच्या मोटारीचं बटण बंद आहे का बघायला, दोनदा गॅस बघायला. वहिनी आतून म्हणाल्या, "बंद हाय, बसा." मग चहा देताना मला हळू आवाजात म्हणाल्या, "तेंचं असंच हाय, भाऊजी. कुलूप लावत्यात, फाट्यापर्यंत जात्यात, पुन्ना माघारी येत्यात. सोताच्या हातावर भरवसाच न्हाई राह्यला. रखवालीची नौकरी बी त्यानंच गेली."

मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. काळीपिवळी, म्हातारी, पट्टी, बोल्ट, टाळ्या, आणि गंजाचं खोटं. सगळं, जसं घडलं तसं. शेवटी शेवटी मला रडू आवरेना. साठी उलटलेला माणूस मी, ओट्यावर बसून हुंदके देत होतो.

नागनाथभाऊ शांतपणे ऐकत होते. मग हसले. "दत्ता, तू लई भोळा हायेस."

"भाऊ, खरं सांगतो. पट्टी तुम्ही लावली होती. मी काढली."

"आरं, तूच म्हणलास ना, गंज व्हता?"

"खोटं बोललो, भाऊ."

"न्हाई न्हाई," ते माझा हात धरून म्हणाले. "तवा तू खरं बोललास. आन गंज बघून बी चार लोकांत न्हाई सांगितलास, मला एकट्याला सांगितलास. त्यो तुझा उपकार हाय. आता माझ्या जिवाला बरं वाटावं म्हून ह्ये सांगून राहिला, मला का कळत न्हाई?" आणि वहिनींकडं वळून म्हणाले, "बघ गं. माझी चूक आपल्या अंगावर घ्यायला नांदेडाहून आलाय. असा माणूस मिळत न्हाई."

मी शपथ घेतली. आईची घेतली, उस्तादांची घेतली. ते नुसते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग गॅस बघायला उठले.

मी निघालो तेव्हा वहिनी फाटकापर्यंत आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "भाऊजी, खरंच तुम्ही काढली व्हती?"

"हो, वहिनी."

"मला ठावं व्हतं, ह्ये इसरनारे न्हाईत. धा वर्सं मी तेंला त्येच सांगून राहिले. पन तेंनी माझं न्हाई ऐकलं, तुमचं ऐकलं." त्यांनी फाटकाची कडी काढली. "घरात येऊन रडून काय व्हतंय? चार लोकांत बोललात ना, चार लोकांत सांगा."

मी तिथून बसस्टँडवर गेलो. ते हॉटेल अजून आहे. पाचसहा जण बसले होते, त्यांच्यासमोर उभा राहून मी सगळं सांगितलं. त्यांच्यातल्या एकालाही अँबेसेडर आठवत नव्हती, लग्न आठवत नव्हतं. "पट्टी म्हणजे ते म्हातारे नागनाथराव ना?" एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. मग माधवरावांच्या वाड्यावर गेलो. ते म्हणाले, "अहो मिस्तरी, गाडी भंगारात गेली, लेकीला दोन लेकरं झाली. कामून उकरून काढता?" त्यांनी मला जेवून जा म्हणून आग्रह केला. मी जेवलो नाही.

म्हणून इथं लिहितोय. अंक हदगावात जातो, संपादकांना विचारून घेतलंय. माझ्या गोष्टीला हसलेल्या प्रत्येकानं हे वाचावं आणि जिथं जिथं ती पुढं सांगितली असेल तिथं हेही सांगावं. एक प्रत मी स्वतः घेऊन जाणार आहे. भाऊंची नजर आता बारीक अक्षराला पोचत नाही, वहिनी वाचून दाखवतील. हे पटत नाही म्हणून ते पुन्हा हसतील, दत्ता भोळा आहे म्हणतील. मग वहिनींनी एवढंच वाक्य त्यांना पुन्हा वाचून दाखवावं, रोज वाचून दाखवावं.

नागनाथभाऊ, बोल्टाला गंज नव्हता.